हृदयाचा लेखनिक: डॉ. विलेम आइन्थोव्हेन

कवी लोक हृदयास प्रेमाचे माहेरघर म्हणतात आणि धर्मग्रंथांत ते सद्भावनांचे तसेच दुर्भावनांचेही उगमस्थान मानिलेले आहे. शारीरशास्त्रज्ञाच्या दृष्टीस तो मुठीएवढा एक पोकळ स्नायू दिसतो. ह्या स्नायूस जन्मापूर्वीपासून मरणाच्या क्षणापर्यंत सुट्टी अशी नाही. मिनिटास 70 ठोके धरिले तर एका दिवसात तो लाखभर वेळा आकुंचन पावतो. प्रत्येक ठोक्याच्या आरंभी त्यात विजेची एक अतिसूक्ष्म लहर उत्पन्न होते. ती त्वचेपर्यंत येऊन पोहोचते तेव्हा तिचे बळ एका व्होल्टच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास उरते. ही लहर जशीच्या तशी कागदावर उतरवून घेण्याची विद्या ज्यांनी जगास दिली, त्या डच शास्त्रज्ञाचे अल्प चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या आईवडिलांस सादर करण्याचे योजिले आहे.

विलेम आइन्थोव्हेन यांचा जन्म जावा बेटावरील सेमारांग शहरी 21 मे 1860 रोजी झाला. जावा आज इंडोनेशिया देशात मोडते. त्या काळी तेथे डच लोकांचा अंमल होता. विलेम यांचे वडील याकोब हे तेथे वैद्यकीचा व्यवसाय करीत. मुलगा सहा वर्षांचा होतो न होतो तोच 1866 साली पित्याचे छत्र हरपले. पदरी सहा लेकरे, नात्यागोत्याची बहुतेक मंडळी समुद्रापलीकडे, अशा स्थितीत त्या माउलीने धीर सोडला नाही. चार वर्षांनी, म्हणजे 1870 मध्ये, ती सर्व मुलांस घेऊन हॉलंडात उट्रेख्ट शहरी राहावयास आली. पुढे जगाने ज्यास मान दिला त्या पुत्राच्या शिक्षणाचा पाया ह्या विधवा मातेने घातला, हे विसरता कामा नये.

1878 साली विलेम उट्रेख्टच्या विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास करू लागले. पुस्तकांत डोके खुपसून बसणाऱ्यांपैकी ते नव्हते. व्यायाम, पट्टा खेळणे आणि होडी वल्हविणे यांचा त्यांस मोठा नाद होता. तेथील विद्यार्थ्यांचे वल्हविण्याचे मंडळ स्थापन करणाऱ्यांत ते प्रमुख होते. एकदा व्यायाम करीत असता पडून त्यांचे मनगट मोडले व काही काळ खोलीत बसून राहणे भाग पडले. दुसरा कोणी असता तर त्याने नशिबास दोष देत दिवस काढले असते. विलेम यांनी आपल्याच दुखावलेल्या हाताकडे जिज्ञासेने पाहिले. तळहात वर व खाली वळविताना कोपराच्या सांध्यात नेमके काय घडते, ह्याचा त्यांनी अभ्यास आरंभिला आणि त्यावर एक शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. शरीर हे एक यंत्र आहे व त्याचे नियम पदार्थविज्ञानाच्या आधारे मोजून काढता येतात, ही दृष्टी त्यांस येथेच लाभली असावी. 1885 साली सुप्रसिद्ध नेत्रशास्त्रज्ञ डोंडर्स यांच्या हाताखाली त्यांनी रंगभेदामुळे डोळ्यांस भासणाऱ्या खोलीविषयी प्रबंध लिहिला व डॉक्टर ही पदवी संपादन केली. त्याच साली लायडन येथील पुरातन विद्यापीठाने ह्या पंचवीस वर्षांच्या तरुणाची शारीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकपदी निवड केली. 1886 च्या आरंभी त्यांनी ती जागा स्वीकारिली व अखेरपर्यंत ती सोडिली नाही. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. त्यांस तीन कन्या व एक पुत्र अशी चार अपत्ये झाली.

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे वळू. मनुष्याच्या हृदयातील वीज शरीराच्या बाहेरून प्रथम टिपून दाखविण्याचा मान लंडन येथील डॉ. ऑगस्टस वॉलर यांचा. हे कार्य त्यांनी 1887 साली केले. वॉलर यांचा जिमी नावाचा एक बुलडॉग कुत्रा होता. त्याचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून ते लोकांस हा प्रयोग दाखवीत. कुत्रा बिचारा स्वस्थ उभा राही. तरी पुढे कोणा दयाळू सभासदाने ह्या प्रयोगाविषयी ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारला, असा त्या कुत्र्याचा लौकिक झाला. 1889 साली स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरी शारीरक्रियाशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे वॉलर यांचे प्रयोग आइन्थोव्हेन यांनी स्वतः पाहिले.

वॉलर यांचे उपकरण म्हणजे काचेच्या केसासारख्या बारीक नळीतील पाऱ्याचा एक स्तंभ. वीज आली की पारा किंचित हाले व त्या हालचालीचे छायाचित्र घेण्यात येई. पण पारा पडला जड. विजेची लहर येऊन निघून जाई, तरी पाऱ्याची हालचाल मागाहून चालूच राही. त्यामुळे कागदावर उमटे ती आकृती खरी नसे. आइन्थोव्हेन यांनी ह्या दोषाचे गणित मांडिले. पाऱ्याच्या आळसामुळे किती चूक होते हे हिशेबाने काढून त्यांनी खरी आकृती कशी असावी ते कागदावर रेखिले आणि तिच्यातील पाच चढउतारांस 1895 साली पी, क्यू, आर, एस व टी अशी इंग्रजी अक्षरांची नावे दिली. पी म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांत पसरणारी लहर. क्यू, आर, एस ही खालच्या बलवान कप्प्यांत पसरणारी लहर. आणि टी म्हणजे ते कप्पे पुन्हा पुढील ठोक्यासाठी सिद्ध होत असल्याची खूण. आजही जगातील प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी हीच अक्षरे शिकतो.

एक एक आकृती हिशेबाने दुरुस्त करीत बसणे फार कष्टाचे होते. रुग्णालयात नित्य उपयोगास येईल अशी ती रीत नव्हती. सदोष यंत्राची चूक सुधारीत बसण्यापेक्षा चूकच न करणारे यंत्र बनवावे, असा निश्चय आइन्थोव्हेन यांनी केला. त्यातून तंतु-गॅल्व्हानोमीटर जन्मास आला. त्याची रचना सांगावयास सोपी आहे, करावयास महाकठीण. एका प्रचंड विद्युत्-चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये क्वार्ट्झचा एक अत्यंत बारीक तंतू ताणून बसवावयाचा. क्वार्ट्झमधून वीज वाहत नाही, म्हणून त्यावर चांदीचा पातळ मुलामा द्यावयाचा. हृदयाची वीज तंतूतून वाहू लागली की चुंबकाच्या बळाने तंतू बाजूस सरकतो. त्याची छाया सूक्ष्मदर्शकाने शेकडो पट मोठी करून सरकत्या छायाचित्र-काचेवर पाडावयाची. झाला हृदयाचा लेख तयार! इतका बारीक तंतू काढण्याची युक्ती चार्ल्स बॉइस नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाची होती. वितळलेल्या क्वार्ट्झचा थेंब बाणास चिकटवून बाण धनुष्यातून सोडावयाचा, म्हणजे त्याच्या पाठोपाठ डोळ्यांस दिसेल न दिसेल असा धागा ओढला जातो. धनुष्यबाणाने युद्धे जिंकल्याच्या कथा आपण ऐकल्या आहेत. येथे त्याच धनुष्यबाणाने जीव वाचविणारे यंत्र सिद्ध झाले.

ह्या यंत्राचे पहिले वर्णन 1901 मध्ये व सविस्तर वृत्तांत 1903 मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्राचे वजन सुमारे 270 किलोग्रॅम होते. ते दोन खोल्या व्यापी, चुंबक तापू नये म्हणून पाणी खेळवावे लागे, आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत. रुग्ण आपले हात व पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत घालून बसे. आइन्थोव्हेन यांनी त्या वेळीच मापही ठरवून टाकिले: आडव्या दिशेस एक मिलिमीटर म्हणजे सेकंदाचा पंचविसावा हिस्सा आणि उभ्या दिशेस एक मिलिमीटर म्हणजे व्होल्टचा दहाहजारावा हिस्सा. आजच्या दवाखान्यातील गुलाबी चौकटींचा कागद पाहा. माप तेच आहे.

एवढे अवजड यंत्र रुग्णालयात नेणे शक्य नव्हते व आजारी माणसास प्रयोगशाळेत आणणे इष्ट नव्हते. ह्यावर त्यांनी काय करावे? रुग्णालय दीड किलोमीटर दूर होते. 1905 साली तेथून प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनची तार जोडून खाटेवरच्या रुग्णाच्या हृदयाचा लेख त्यांनी आपल्या खोलीत उतरवून घेतला. दूरच्या खेड्यातील रुग्णाचा आलेख शहरातील तज्ज्ञ क्षणात पाहतो, ही जी सोय आज आपण भोगतो तिचा आरंभ तो.

त्यांचे दुसरे मोठे कार्य 1912 व 1913 ह्या वर्षांतील आहे व आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांस ते विशेष गोड वाटेल. आपल्या देवळाचा मनोरा एकाच रस्त्यावरून पाहिला तर त्याची एक बाजू दिसते. तीन रस्त्यांवरून पाहिला तर त्याच्या आकाराची कल्पना येते. आइन्थोव्हेन यांनी हृदय तीन बाजूंनी पाहण्याचे ठरविले. उजवा हात, डावा हात व डावा पाय हे त्रिकोणाचे तीन कोन. उजव्या हाताकडून डाव्या हाताकडे ती पहिली लीड; उजव्या हाताकडून डाव्या पायाकडे ती दुसरी; डाव्या हाताकडून डाव्या पायाकडे ती तिसरी. कोणत्याही क्षणी पहिल्या व तिसऱ्या लीडची बेरीज दुसऱ्या लीडइतकी भरते. हा साधा नियम आइन्थोव्हेन यांचा नियम म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचे फळ कोणते, ते पुढे पाहू.

विद्वत्तेबरोबर येणारा मत्सर आइन्थोव्हेन यांच्या ठायी नव्हता. लंडनचे डॉ. टॉमस लुइस यांनी ह्याच यंत्राच्या साह्याने हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे कोडे उलगडिले, तेव्हा आइन्थोव्हेन यांनी त्यांचे श्रेय जाहीरपणे मान्य केले. 1924 साली त्यांस वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते वर्तमान आले तेव्हा ते अमेरिकेत व्याख्याने देत फिरत होते. ह्या पारितोषिकासंबंधी एक गोष्ट सांगतात. प्रयोगशाळेत यंत्र घडविताना एका कुशल मदतनिसाने त्यांस वर्षानुवर्षे हात दिला होता. तो पारितोषिकाच्या वेळी हयात नव्हता. आइन्थोव्हेन यांनी त्याच्या आप्तांचा शोध केला, तेव्हा त्याच्या दोन बहिणी गरिबीत दिवस कंठीत असल्याचे समजले. त्यांनी पारितोषिकाच्या रकमेचा अर्धा भाग त्या दोघींस दिला. ज्याचे नाव कोणत्याही फलकावर नाही त्या कारागिराचा वाटा त्यांनी मानधनात नव्हे, तर सन्मानात मोजिला.

1927 च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस दीर्घ आजारानंतर ते निवर्तले. लायडनजवळ ऊगस्तगेस्ट गावच्या चर्चच्या आवारात त्यांस मूठमाती देण्यात आली. त्यांचे चिरंजीव विलेम हे विद्युत्-अभियंते झाले. त्यांनी तंतुयंत्र निर्वात करून त्याचा बिनतारी संदेशवहनासाठी उपयोग केला व पुढे पित्याच्या जन्मभूमीत, जावा बेटावरील बांडुंग शहरी, रेडिओ प्रयोगशाळेचे संचालकपद भूषविले.

चरित्र येथे संपते. कार्य संपत नाही. आइन्थोव्हेन यांनी पेरिले त्याचे सर्वांत मोलाचे पीक त्यांच्यानंतर हाती आले. हृदय साऱ्या शरीरास रक्त पुरविते, पण स्वतः ज्या रक्तावर जगते ते त्यास करोनरी धमन्यांतून मिळते. उजवी धमनी बहुतेकांच्या हृदयाच्या उजव्या व खालच्या भागास पोसते. डाव्या धमनीच्या दोन शाखा होतात. एक पुढच्या भिंतीवरून खाली उतरते व दुसरी डाव्या बगलेने वळसा घेऊन मागे जाते. ह्यांपैकी एखादीत रक्ताची गाठ अडकली की तिच्या आश्रयाचा स्नायू गुदमरू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका. अशा झटक्यातून मनुष्य जगूही शकतो व जिवंतपणी तो ओळखता येतो, हे शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी 1912 साली पटवून दिले. 1920 साली न्यूयॉर्कच्या डॉ. हॅरोल्ड पार्डी यांनी त्याची आलेखातील खूण दाखविली: आर व एस ह्यांच्यानंतरची जी रेषा सपाट असावयाची, ती वर उचललेली राहते. पुढे डॉ. फ्रँक विल्सन यांनी छातीवरून हृदय पाहण्याची रीत काढिली व 1938 साली अमेरिकन आणि ब्रिटिश हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी छातीवरील जागा निश्चित केल्या. 1942 साली डॉ. इमॅन्युएल गोल्डबर्गर यांनी हातापायांच्या आणखी तीन लीड प्रचारात आणिल्या. अशा रीतीने तीन खिडक्यांच्या बारा खिडक्या झाल्या. त्यांतील पहिल्या तीन अद्याप आइन्थोव्हेन यांच्याच आहेत.

आता त्यांच्या नियमाचे फळ पाहा. दुसऱ्या व तिसऱ्या लीडमध्ये ती रेषा उचललेली दिसली, तर हृदयाची खालची भिंत संकटात आहे असे समजावे. पण वाट कोणी अडविली? उजव्या धमनीने की वळसा घेणाऱ्या डाव्या शाखेने? समजा, तिसऱ्या लीडमध्ये रेषा 3 मिलिमीटर वर आहे व दुसरीत 2. मग दुसरीतून तिसरी वजा करा. पहिल्या लीडमध्ये उणे 1 यावयास हवा, म्हणजे तेथे रेषा खाली दबलेली असणार. ह्याचा अर्थ दुखापतीचा ओढा उजवीकडे आहे, आणि संशय उजव्या धमनीवर येतो. उलट दुसरीत 3 व तिसरीत 2 असतील, तर पहिलीत अधिक 1 येतो. ओढा डावीकडे, आणि संशय वळशाच्या शाखेवर. शाळेतील साधी वजाबाकी मरणोन्मुख मनुष्याच्या खाटेशी उभी राहून मार्ग दाखविते! छातीच्या पहिल्या चार लीडमध्ये रेषा उचललेली असेल, तर पुढची उतरती शाखा अडली असे अनुमान करितात. त्याबरोबर पहिल्या लीडमध्ये व डाव्या हाताच्या लीडमध्येही ती उचलली असेल, तर अडथळा त्या शाखेच्या उगमाजवळ असावा, म्हणजे धोका अधिक. मागच्या भिंतीकडे बारांपैकी एकही खिडकी उघडत नाही. तिची दुखापत पुढच्या लीडमध्ये आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटी, खाली दबलेल्या रेषेच्या रूपाने दिसते. मग डॉक्टर पाठीवर लीड लावून खात्री करितात. उजवी धमनी उगमापाशी अडल्याचा संशय आल्यास उजव्या छातीवरही लीड लावितात. कारण हृदयाचा उजवा खालचा कप्पा दुखावलेला असेल, तर रक्तदाब उतरविणारी औषधे फार जपून द्यावी लागतात.

हे सर्व अनुमान आहे, ही मर्यादाही सांगितली पाहिजे. सर्वांच्या धमन्यांची ठेवण सारखी नसते. जुन्या झटक्याचा व्रण नव्या खुणा झाकितो. कधी झटक्याच्या आरंभी आलेख निर्दोषही दिसतो. म्हणून जाणता डॉक्टर थोड्या थोड्या वेळाने आलेख पुन्हा काढितो, रक्त तपासतो, आणि अखेरचा निवाडा धमनीत औषध सोडून घेतलेल्या क्ष-किरण चित्रावर सोपवितो. 1977 साली झुरिक येथे डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी अरुंद झालेली करोनरी धमनी बारीक फुग्याने रुंद करण्याची रीत यशस्वी केली. तेव्हापासून अडथळ्याची जागा लवकर कळणे म्हणजे तो लवकर दूर होणे असा मार्ग मोकळा झाला.

आईवडिलांस येथे एक विनंती आहे. छातीच्या मध्यभागी दडपण किंवा कळ येऊन ती ओसरत नसेल, हाताकडे वा जबड्याकडे सरकत असेल, घाम सुटत असेल, दम लागत असेल, तर वायू झाला म्हणून ओवा चघळीत घरी बसू नये. 108 क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी व ताबडतोब रुग्णालय गाठावे. दहा मिनिटांत निघणारा तो कागद रुग्णाच्या आयुष्याची वर्षे वाढवू शकतो. पण त्याच्यापर्यंत पोहोचण्यास लागलेला विलंब तो भरून काढू शकत नाही.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही एवढे ध्यानात धरा. आइन्थोव्हेन यांनी सरकणाऱ्या पाऱ्याची चूक पुरेशी चांगली म्हणून खपवून घेतली असती, तर त्यांस कोणी दोष दिला नसता. पण खरी रेषा व जवळजवळ खरी रेषा ह्यांत त्यांनी भेद केला. एका मिलिमीटरच्या त्या फरकावरून कोणाचा पिता आज घरी परत येईल, हे त्यांस ठाऊक नव्हते. फळ दृष्टीस पडो वा न पडो, हातचे काम यथातथ्य करावे. त्याचा उपयोग कोठे व कोणास करून द्यावयाचा, हे देव जाणतो. तंतूचे ते अवजड यंत्र आता वस्तुसंग्रहालयात विसावले आहे, आणि त्याचे वंशज पिशवीत मावेल एवढे होऊन खेडोपाडी फिरत आहे. पण कागदावर उमटणारी रेषा अजून त्यांनी शिकविलेल्या अक्षरांतच बोलते.